पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायलेट: डबल्ससाठी चाकोरीबाहेरचा संघ बांधणाऱ्यांच्या दृष्टीने परीक्षण

निन्टेंडो स्विचसाठी १८ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या पोकेमॉन स्कार्लेट आणि पोकेमॉन व्हायलेट या जोडखेळांची कथा, त्यांचे खुले जग आणि त्यांतील तांत्रिक उणिवा यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. येथे विचार करायचा आहे तो एकाच अंगाचा. दोन पोकेमॉन विरुद्ध दोन पोकेमॉन अशा डबल्स लढतींसाठी, सर्वत्र दिसणारे ठरावीक चेहरे बाजूला ठेवून, स्वतःच्या कल्पनेतून संघ उभा करू पाहणाऱ्या खेळाडूला हा खेळ काय देतो? माझे मत असे आहे की तो अशा खेळाडूला साधने अत्यंत उदारपणे देतो. ती साधने वापरायची कशी, हे शिकवण्यात मात्र तो फार उशीर करतो.

डबल्स हा प्रकार या मालिकेत २००२ साली रूबी आणि सफायर या खेळांपासून आला आणि अधिकृत स्पर्धांचा तोच मुख्य प्रकार ठरला. खेळाडू सहा पोकेमॉनचा संघ घेऊन येतो, प्रतिस्पर्ध्याचे सहा पाहतो आणि त्यांतून चार निवडून उतरवतो. सर्वांची लेव्हल ५० धरली जाते, एकच पोकेमॉन किंवा एकच आयटम संघात दोनदा चालत नाही, आणि एकाच वेळी अनेकांना लागणाऱ्या चालींची ताकद तीन चतुर्थांशावर येते. नियम एवढेच असले तरी त्यांच्यामुळे मूल्यमापनाची रीतच बदलते. एकेरी लढतीत दुबळा पोकेमॉन दुबळाच राहतो. डबल्समध्ये त्याचा कमकुवतपणा शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराने भरून काढता येतो, किंवा त्याचा एखादा क्षुल्लक गुण जोडीदाराच्या दृष्टीने अमूल्य ठरतो.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे २०१४ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत से जून पार्क यांनी पचिरिसू या पोकेमॉनला घेऊन मिळवलेले विजेतेपद. पचिरिसूच्या मूळ आकड्यांची (आरोग्य, हल्ला, बचाव, वेग इत्यादींची) बेरीज अवघी ४०५ आहे. परंतु फॉलो मी या चालीने शत्रूचे हल्ले स्वतःकडे ओढायचे आणि व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब या अ‍ॅबिलिटीमुळे (अंगभूत गुणामुळे) विजेचा हल्ला पचवून उलट बरे व्हायचे, हे दोन्ही तो करू शकत होता. आणि त्याच संघात विजेला भिणारे गॅराडोस आणि टॅलनफ्लेम होते. त्या निवडीमागे लहर नव्हती, काटेकोर गणित होते. चाकोरीबाहेरच्या संघाबद्दल बोलताना हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

स्कार्लेट आणि व्हायलेटमध्ये असे गणित मांडायचे ठरवले, तर माझी पहिली पसंती स्लेकिंगला आहे, आणि ती पचिरिसूच्या अगदी उलट कारणासाठी. स्लेकिंगच्या मूळ आकड्यांची बेरीज ६७० आहे, म्हणजे ग्राउडन आणि कायोगर या पौराणिक पोकेमॉनइतकी. त्याचा अटॅक १६० आणि वेग १०० आहे. एवढे असूनही स्पर्धांत तो क्वचितच दिसतो, कारण ट्रुअंट या अ‍ॅबिलिटीमुळे तो एक टर्न हल्ला करतो आणि पुढचा टर्न नुसता लोळत पडतो. हा अडसर दूर करण्याचा एक मार्ग वीझिंगकडे आहे. वीझिंगची न्यूट्रलायझिंग गॅस ही अ‍ॅबिलिटी, तो मैदानावर असेपर्यंत, जवळजवळ सर्वांच्या अ‍ॅबिलिटी बंद पाडते. त्यात स्लेकिंगचा ट्रुअंटही बंद पडतो.

दोन पोकेमॉनच्या अ‍ॅबिलिटींची अदलाबदल करणाऱ्या स्किल स्वॅप या चालीनेही ट्रुअंट काढून टाकता येतो, मग वीझिंगच का, असा प्रश्न येथे रास्त आहे. स्किल स्वॅपसाठी एक टर्न खर्च होतो, टॉन्ट (हल्ला नसलेल्या चाली बंद करणारी चाल) लावून ती अडवता येते आणि फेक आउटचा (आधी लागून समोरच्याला बिचकवणाऱ्या चालीचा) धक्का बसला की तो टर्न वाया जातो. गॅस वीझिंगने मैदानात पाऊल ठेवताच पसरतो. त्याला चाल निवडावी लागत नाही, त्यामुळे ती कोणी हिरावूनही घेऊ शकत नाही. शिवाय समोर इन्सिनरोर उतरला, तरी त्याचा इंटिमिडेट (समोरच्यांचा अटॅक घटवणारी अ‍ॅबिलिटी) लागू होत नाही आणि स्लेकिंगचा अटॅक शाबूत राहतो. त्या टर्नमध्ये वीझिंग स्वतः टॉन्टने समोरच्याची ट्रिक रूम (मंद पोकेमॉनना आधी हलू देणारी चाल) रोखू शकतो किंवा विल-ओ-विस्पने एखाद्या शारीरिक हल्लेखोराला भाजून काढू शकतो.

या जोडीचे दोष तिच्या गुणांइतकेच शिकण्यासारखे आहेत. नॉर्मल या स्लेकिंगच्या स्वतःच्या प्रकाराच्या चाली घोस्ट प्रकाराच्या पोकेमॉनला लागत नाहीत, म्हणून स्लेकिंगला अर्थक्वेकसारखी दुसरी चाल हवी. अर्थक्वेक डबल्समध्ये जोडीदारालाही लागते. वीझिंग चित्रात तरंगताना दिसत असला, तरी न्यूट्रलायझिंग गॅस घेतलेल्या वीझिंगकडे लेव्हिटेट (ग्राउंडचे हल्ले चुकवणारी अ‍ॅबिलिटी) नसते, आणि पॉयझन प्रकाराचा असल्याने त्याला ग्राउंडचा फटका दुप्पट बसतो. यावर तीन उपाय आहेत: त्या टर्नला वीझिंगने प्रोटेक्ट (त्या टर्नचे हल्ले अडवणारी चाल) करणे, त्याला एअर बलून (ग्राउंडचे हल्ले चुकवणारा आयटम) देणे, किंवा टेरास्टलायझेशनने (थोडक्यात टेरा, म्हणजे लढतीत पोकेमॉनचा प्रकार बदलण्याने) त्याला फ्लाइंग करणे. प्रोटेक्ट केले की वीझिंगचा टर्न जातो. बलून दिला की फोकस सॅश (पूर्ण आरोग्यावरून एका फटक्यात पडू न देणारा आयटम) देता येत नाही, आणि बलून पहिल्या हल्ल्यालाच फुटतो. टेरा वापरला, तर त्याची किंमत सर्वांत मोठी, कारण ते एका लढतीत एकदाच करता येते आणि स्लेकिंगलाही ते हवे असते: नॉर्मल प्रकाराच्या पोकेमॉनने नॉर्मल टेरा घेतला की त्याच्या स्वतःच्या प्रकाराच्या चालींना मिळणारा दीडपट लाभ दुप्पट होतो. मी टेरा स्लेकिंगसाठी राखून ठेवणे पसंत करतो आणि वीझिंगला बलून देतो. ज्यांच्या संघात वीझिंगला जास्त काळ टिकवणे अधिक गरजेचे आहे, त्यांनी याच्या नेमके उलट करावे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वीझिंग पडला की सर्व अ‍ॅबिलिटी एकाच वेळी जाग्या होतात. मैदानावर असलेल्या शत्रूचा इंटिमिडेट तेव्हा लागू होतो आणि स्लेकिंगचा आळसही परत येतो. म्हणून या जोडीची खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन टर्नमध्येच असते, आणि उरलेला संघ ती जोडी मोडल्यानंतरही उभा राहील असा असावा लागतो. तो निवडताना आणखी एक बंधन येते: गॅस आपल्याच साथीदारांनाही लागतो. प्रँकस्टरच्या (हल्ला नसलेल्या चालींना प्राधान्य देणाऱ्या अ‍ॅबिलिटीच्या) जोरावर झटपट टेलविंड (संघाचा वेग वाढवणारी चाल) लावणारा मर्क्रो एरवी उत्तम साथीदार आहे, पण वीझिंगच्या शेजारी त्याची ती घाई संपते.

त्यामुळे मी या संघाचे दोन स्वतंत्र भाग करतो. पहिला भाग स्लेकिंग आणि वीझिंगचा. दुसऱ्या भागात फारिगिराफ आणि टॉर्कोल: फारिगिराफने ट्रिक रूम लावायची, म्हणजे पाच टर्न मंद पोकेमॉन आधी हलतात, आणि मूळ वेग केवळ २० असलेल्या टॉर्कोलने उन्हाच्या बळावर, पूर्ण आरोग्य असताना १५० ताकदीची असलेली इरप्शन ही चाल करायची. फारिगिराफची आर्मर टेल ही अ‍ॅबिलिटी फेक आउटसारख्या प्राधान्याच्या चाली अडवते, म्हणून ट्रिक रूम लागण्याची खात्री बरीच वाढते. उरलेल्या दोन जागांवर मी इन्सिनरोर आणि अमूंगस घेतो. हे दोघे डबल्समधले सर्वांत परिचित चेहरे आहेत, आणि काहींना त्यांच्यामुळे संघाचे वेगळेपण डागाळल्यासारखे वाटेल. मला तसे मुळीच वाटत नाही. संघाची एक कल्पना धाडसी असेल, तर बाकीचे सदस्य विश्वासू असणेच योग्य. शिवाय इन्सिनरोरचे फेक आउट आणि पार्टिंग शॉट, अमूंगसचे रेज पावडर आणि स्पोर या सर्व चाली आहेत. गॅसचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही.

मॉसहोल्ड आणि अ‍ॅनाइहिलेप ही जोडीही सांगण्यासारखी आहे. अ‍ॅनाइहिलेपच्या रेज फिस्टची ताकद ५० असते आणि त्याला बसलेल्या प्रत्येक फटक्यागणिक ती ५० ने वाढून ३५० पर्यंत जाऊ शकते. मॉसहोल्डने आपल्याच जोडीदारावर बीट अप ही चाल वापरली, तर चार जणांच्या संघात चार हलके फटके बसतात आणि एकाच टर्नमध्ये ती ताकद २५० होते. या खेळात मागे बोलावून पुन्हा उतरवले तरी ही मोजणी पुसली जात नाही. डोंडोझोच्या तोंडात शिरून त्याचे पाच गुण दोन-दोन पायऱ्यांनी वाढवणारा तात्सुगिरी मात्र इतका प्रसिद्ध झाला आहे की त्याला आता चाकोरीबाहेरचा म्हणता येत नाही.

अशा कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा खर्च या खेळात आटोक्यात आहे आणि याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. व्हिटॅमिन देऊन एखाद्या गुणाचे प्रशिक्षण थेट २५२ या कमाल मर्यादेपर्यंत नेता येते, मिंटने स्वभावाचा परिणाम बदलतो, हायपर ट्रेनिंग (जन्मजात आकडे वाढवण्याची सोय) लेव्हल ५० पासूनच खुले होते, आणि अ‍ॅबिलिटी कॅप्सूलने लेव्हिटेट असलेल्या वीझिंगला न्यूट्रलायझिंग गॅस देता येतो. जड जाते ते टेरा टाइप बदलणे: त्यासाठी एकाच प्रकारचे ५० टेरा शार्ड लागतात. नेहमीचा संघ बांधणाऱ्याला हे एकदाच करावे लागते. पण वीझिंगला फ्लाइंग टेरा चांगला की दुसरा एखादा, हे करून पाहणाऱ्याला प्रत्येक प्रयोगासाठी तोच भार पुन्हा उचलावा लागतो. प्रयोगशील खेळाडूवर हा अन्याय आहे असे मला वाटते. द इंडिगो डिस्क या विस्तारातील आयटम प्रिंटरमुळे तो पुष्कळ हलका झाला, इतकेच.

शिकवण्याच्या बाबतीत मूळ खेळ निराश करतो. त्याच्या मुख्य कथेतील लढती बहुतांशी एकेरी आहेत, त्यामुळे कथा पूर्ण करणारा खेळाडू फॉलो मी किंवा हेल्पिंग हँड (जोडीदाराचा हल्ला वाढवणारी चाल) यांची गरज जाणवल्याशिवायच शेवटापर्यंत पोहोचू शकतो आणि मग थेट ऑनलाइन डबल्समध्ये जाऊन पडतो. ही उणीव डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या द इंडिगो डिस्कने भरून काढली. त्यातील ब्लूबेरी अकादमीत डबल्सलाच महत्त्व आहे. क्रिस्पिन, अमॅरिस, लेसी आणि ड्रेटन या एलिट फोरशी (अकादमीतील चार अव्वल लढवय्यांशी) आणि पुढे चॅम्पियन कीरनशी होणाऱ्या लढती डबल्सच्याच आहेत. कीरनच्या संघात इन्सिनरोर आणि हायड्रॅपल यांसारखे तगडे पोकेमॉन आहेत, आणि आपल्या जोडीतील दुवा कोठे तुटतो हे त्याच्यासमोर चटकन कळते. ऑनलाइन उतरण्याआधी नवा संघ तपासण्याची इतकी चांगली जागा मूळ खेळात असायला हवी होती. ती वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते, याची मला खंत आहे.

ऑनलाइन क्रमवारीच्या लढतींत चाकोरीबाहेरच्या संघाला एक फायदा मिळतो: प्रतिस्पर्ध्याला पोकेमॉन दिसतात, पण त्यांच्या चाली, आयटम आणि टेरा टाइप दिसत नाहीत. अधिकृत स्पर्धांत हा आडोसा नसतो. तेथे खुल्या संघपत्रिकेमुळे चाली, आयटम, अ‍ॅबिलिटी आणि टेरा टाइप आधीच कळतात, आणि सामना तीन डावांपैकी दोन जिंकण्याचा असतो. म्हणून केवळ धक्का देण्यावर विसंबलेला संघ तेथे टिकत नाही. स्लेकिंग आणि वीझिंगची जोडी मात्र पूर्ण माहिती असतानाही समोरच्याला निर्णय घ्यायला भाग पाडते: वीझिंगला आधी पाडायचे ठरवले, तर स्लेकिंगला तेवढा वेळ मोकळा मिळतो, स्लेकिंगवर चालून गेले, तर १५० मूळ एचपीचा (आरोग्याचा) तो पोकेमॉन सहज पडत नाही. आणि दुसऱ्या डावात प्रतिस्पर्ध्याने या जोडीविरुद्धच चार जण निवडले, तर स्लेकिंगला बाहेर बसवून फारिगिराफ आणि टॉर्कोल यांना पुढे करता येते.