मोहन बागानचा सर्वांत मोठा कोण: गोष्ठ पाल, चुनी की बरेटो?

कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबची तीन नावं समोर ठेवा. पहिला वीसेक वर्षं खेळला, पण कोलकाता लीग किंवा आयएफए शील्ड या कोलकात्याच्या दोन मोठ्या स्पर्धांपैकी काहीच त्याच्या हाती लागलं नाही. दुसऱ्याने दोन्ही पोतं भरून जिंकल्या, पण त्याचा संघच तेव्हा तसा जबरदस्त होता. तिसरा ब्राझीलचा; मधे क्लब सोडून मुंबईला गेला, पुन्हा परतला. तुम्ही मोहन बागानच्या सर्वकालीन पाचांची यादी करत असाल तर या तिघांना कुठे बसवता, यावरच बाकीची यादी ठरते.

गोष्ठ पालपासून सुरू करतो, कारण त्याला वगळणं सगळ्यांत सोपं. 29 जुलै 1911 ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून शील्ड जिंकली. अकरातले दहा जण अनवाणी होते. गोष्ठ पाल आला तो त्यानंतर, आणि तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत बचावाला उभा राहिला. क्लबची पुढची शील्ड आली 1947 मध्ये, पहिली लीग 1939 मध्ये. म्हणजे त्याची अख्खी कारकीर्द 1911 ची शील्ड आणि 1939 ची लीग यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात गेली. चषकांचं कपाट बघून मोजलं तर हा माणूस शून्य.

पण तेव्हाची लीग आठवा. पहिल्या श्रेणीत दोनच भारतीय संघ ठेवायचे, असा दंडक होता. मोहन बागान तिथे 1915 मध्ये पोचला. समोर बूट घातलेले गोरे पलटणवाले, इकडे अनवाणी पाय, आणि पावसाळ्यात चिखल झाला की त्या अनवाणी पायांची काय दैना होत असेल ते वेगळं सांगायला नको. त्या बचावाला लोक ‘चीनची भिंत’ म्हणायचे. भारत सरकारने 1962 मध्ये पद्मश्री दिली ती याच माणसाला, फुटबॉलपटूंमध्ये पहिल्यांदा. चषक संघ जिंकतो. एकटा बचावपटू फार तर हार पुढे ढकलतो, आणि याने ती वर्षानुवर्षं ढकलली.

चुनी गोस्वामींचं उलट. लहानपणी क्लबच्या ज्युनियर संघात आले, 1954 ते 1968 वरिष्ठ संघात खेळले, दुसऱ्या कुठल्याही क्लबचा शर्ट घातला नाही. 1962 ते 1965 सलग चार लीग, 1963 ते 1965 सलग तीन ड्युरँड चषक. कपाट ओसंडून वाहतं. इथे एक चूक मात्र टाळा: 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं सुवर्ण त्यांच्या क्लबच्या खात्यात टाकू नका. ते कर्णधार होते खरे, पण ते यश भारताचं. संघात पीके बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे, बलराम ईस्ट बंगालचे. तसंच 1971-72 ला रणजीच्या अंतिम सामन्यात बंगालचं नेतृत्व केलं आणि मुंबईकडून हरले, हा किस्सा आपल्याकडे चवीने सांगितला जातो. यादीत त्याची किंमत शून्य.

मग जिंकणाऱ्या संघात राहून जिंकणं सोपं, असं कुणी म्हणेल. अंशतः खरं आहे. पण कोलकात्यात मोठ्या खेळाडूंची मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तीन मोठ्या क्लबांमध्ये पळवापळवी चालायची आणि त्यातले चांगले चांगले इकडून तिकडे गेले. हबीब बघा, तिन्ही क्लबांकडून खेळला आणि तिन्हीकडे चमकला. 1977 मध्ये मोहन बागानची पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबशी ईडनवर 2-2 बरोबरी झाली, त्यातला एक गोल हबीबचाच. तरी मी त्याला पाचात घेत नाही, कारण तो तिघांचा होता.

आता बरेटो. 1999 ला आला, 1999-2000 आणि 2001-02 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली, 200 हून अधिक गोल केले. लोकांनी नाव ठेवलं ‘सबुज तोता’, हिरवा पोपट. मधे गेला, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि परत येऊन 2012 पर्यंत राहिला. हबीबला नाकारलं तर बरेटोलाही नाकारायला हवं ना? माझ्या मते नाही. मुंबईच्या काळात त्याचं वजन घटलं नाही, आणि तो परतला तेव्हाच्या मोहन बागानला त्याची गरज जास्त होती. त्या वर्षांत एकही आय-लीग, म्हणजे राष्ट्रीय लीगचं पुढचं रूप, आली नाही, तरी लोक मैदानात त्याच्यासाठी यायचे.

बचावात चौथी जागा कुणाची? सुब्रत भट्टाचार्य 1974 ते 1990 फक्त याच क्लबकडे, पुढे प्रशिक्षक म्हणून बरेटोच्या त्या दोन्ही लीगही त्याच्याच. जर्नेल सिंग खेळाडू म्हणून मोठा, पण त्याचं नाव काढलं की आठवतो तो डोक्याला जखम असताना जकार्ताच्या अंतिम सामन्यात केलेला गोल, म्हणजे पुन्हा भारताचा. माझा नियम मलाच इथे टोचतो. तरी मी सुब्रतला घेईन.

पाचवी जागा मी शिबदास भादुरीसाठी ठेवतो, 1911 च्या कर्णधारासाठी. तुमचं वय तिशीच्या आत असेल तर तिथे सोनी नॉर्डे बसवाल, 2014-15 च्या आय-लीगमुळे, भांडणार नाही. क्रम मात्र माझा पक्का: चुनी, गोष्ठ पाल, मग बरेटो. दोन आणि तीनची अदलाबदल करायची असेल तर आधी अनवाणी चिखलात वीस मिनिटं धावून या.