खुर्चीवरची उतरती गादी (मागे जाड, पुढे पातळ): चवथीपासून (गणपती) शिगम्यापर्यंत (होळी) वापरून

फोंड्याला घरून जीएसटीची कामं करते, रिटर्नच्या दिवसांत सकाळी बसले की एकदम जेवायलाच उठते. त्रास पाठीपेक्षा दमाचा जास्त होता, दुपारनंतर श्वास वरच्यावर चालायचा, क्लायंटशी फोनवर बोलताना वाक्य संपायच्या आधी दम संपायचा. डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ आहे, बसणं सुधारा म्हणाले.

मग गादीवाल्याकडून कडक फोमची उतरती गादी करून घेतली, मागे ३ इंच, पुढे १.

ही का चालते ते नीट सांगते, कारण नुसतं "ताठ बस" म्हणून काही होत नाही. सपाट खुर्चीवर मांड्या आणि धड काटकोनात आले की मांडीमागचे स्नायू ओढले जातात, कंबर मागे कलते, पाठ गोल होते आणि बरगड्या पोटावर येतात. श्वास घेताना श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) खाली उतरायला हवं, पण खाली पोटच दाबलेलं मग ते उतरणार कुठे, म्हणून मान-खांदे उचलून श्वास ओढावा लागतो आणि संध्याकाळी मानही दुखते. कीगन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५३ मध्ये एक्स-रेवरून दाखवलं की मांडी आणि धडातला कोन साधारण १३५ अंश असला की कंबरेचा बाक नैसर्गिक राहतो. गादी एवढा कोन देत नाही, पण थोड्या उतारानेसुद्धा कंबर आपोआप उभी राहते. योगाच्या क्लासमध्ये मांडी घालताना बुडाखाली कांबळ्याची घडी देतात ती ह्याचसाठी.

सुरुवातीला पुढे घसरल्यासारखं वाटतं, मांड्या भरून येतात. मग सवय होते. खरा फरक मला फोनवर कळला, आणि आरतीची लांब ओळ एका दमात गेली तेव्हा फार बरं वाटलं.

पण लॅपटॉप खाली असेल तर मान परत वाकणार आणि सगळं फुकट, मी तो उंच करून कीबोर्ड वेगळा घेतला. तासाभराने उठावं लागतंच, ते गादीने सुटत नाही. उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्या, पाय लोंबकळता कामा नयेत. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी कुणाची तरी वापरून बघा, वजन पायांवर येतं.

रेक्झिनचं कव्हर मात्र घेऊ नका, आपल्याकडच्या दमट हवेत घाम येतो आणि पावसात बुरशीचे ठिपके पडले. आता चेनवालं सुती कव्हर शिवायला दिलंय.