न्यू जर्सीत सेल्फ-स्टोरेज: परवानगीची महाग जागा की व्हेरिएन्सची स्वस्त जागा?

जागा बघायला निघालेल्या मित्रांचे फोन येतात, तेव्हा बोलणं किमतीपासून सुरू होतं. मी आधी विचारतो, टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या गावाच्या, नियमांत त्या झोनमध्ये (नियमांनी आखलेल्या भागात) सेल्फ-स्टोरेजबद्दल, म्हणजे सामान ठेवायला भाड्याने द्यायच्या खोल्यांबद्दल, काय लिहिलंय? न्यू जर्सीत उत्तरं तीन असतात: थेट चालतं, अटी पाळून चालतं, किंवा चालत नाही आणि मग व्हेरिएन्स, म्हणजे नियमातून खास सूट, मागावी लागते. तुम्ही कोणत्या बोर्डासमोर उभे राहणार आणि किती मतं लागणार, हे त्यावरच ठरतं.

थेट चालत असेल, तर साइट प्लॅन, म्हणजे जागेवरच्या मांडणीचा नकाशा, प्लॅनिंग बोर्डाकडे जातो. धंदा इथे हवा की नको, हा प्रश्नच तिथे नसतो. पावसाचं पाणी, दिवे, झाडं, फायर ट्रक वळायला जागा एवढ्यावर बोलणं होतं. हजर सदस्यांचं बहुमत पुरतं. जागा दहा एकरांच्या आत असेल आणि सोबत व्हेरिएन्स मागितला नसेल, तर अर्ज पूर्ण ठरल्यापासून ४५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अशी जमीन महाग मिळते, आणि ते रास्तच आहे.

‘कंडिशनल यूज’मध्येही, म्हणजे अटी पाळून चालतं तिथेही, बोर्ड तेच, फक्त अटी आधीच लिहिलेल्या असतात: रस्त्यापासून अमुक अंतर, शटर रस्त्याकडे नको, असं काही. सगळ्या पाळल्या तर वाट पहिल्यासारखीच. एक जरी मोडली, तरी प्रकरण झोनिंग बोर्डाकडे, म्हणजे अशी सूट देणाऱ्या वेगळ्या बोर्डाकडे, जातं. तिथे ‘अट मोडूनही ही जागा या वापराला पेलवते’ एवढं पटवावं लागतं. १९९४च्या कोव्हेंट्री स्क्वेअर निकालाने हा भार हलका केला, पण लागणारी मतं (सातांपैकी पाच) कमी झाली नाहीत.

तिसऱ्या वाटेवर खरी कसोटी असते. झोनिंग बोर्डात सात सदस्य, आणि यूज व्हेरिएन्सला पाच ‘हो’ लागतात. त्या रात्री पाचच जण आले, तर पाचही तुमच्या बाजूने हवेत. अशा वेळी मतदान पुढे ढकलण्याची विनंती करा, त्यात कमीपणा नाही. १९८७च्या मेडिची निकालापासून पुरावाही भक्कम द्यावा लागतो: ही जागा या वापरासाठी खास योग्य का, आणि गावाने हा वापर वगळलेला असताना त्यांच्या झोनिंगच्या आराखड्याला धक्का कसा बसत नाही. हॉस्पिटलला लोकहिताची जी सवलत मिळते, ती स्टोरेजला मिळत नाही.

शेजारी मात्र तिन्ही वाटांवर येऊ शकतात. कंडिशनल यूज आणि व्हेरिएन्सच्या अर्जात २०० फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते; साध्या साइट प्लॅनला गावाच्या नियमांत तसं असेल तरच. टाउनशिप यादी देते, फी दहा डॉलर किंवा नावामागे २५ सेंट, जे जास्त असेल ते. आमच्या एका अर्जात त्या यादीतलं एक नाव आमच्याच हातून गळलं आणि सुनावणी महिनाभर पुढे गेली. पुढच्या तारखेला एक आजी आपल्या बेडरूमच्या खिडकीचा फोटो घेऊन आल्या. मागच्या भिंतीवरचे दिवे थेट आत येतील, ही त्यांची भीती. आर्किटेक्टने तिथेच दिवे खाली वळवून झाकायचं कबूल केलं, आणि आजी शांतपणे जाऊन बसल्या. माणसं विरोध करायला येतात तेव्हा बहुतेकदा त्यांच्या हातात अशी एखादी नेमकी गोष्ट असते. ती ऐकून घ्या.

बोर्डाला पटणारे मुद्दे दोन: रहदारी कमी, आणि शाळेत एकही मूल वाढत नाही. इथल्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये शाळांचा वाटा केवढा, हे सगळे जाणतात. त्यांना खटकणारे मुद्देही दोन: नोकऱ्या नगण्य, आणि रस्त्यावर मुकी लांब भिंत. दर्शनी बाजूला खिडक्या किंवा दुकानं घेतलीत, तर दुसरी तक्रार बरीच निवते.

या सगळ्याआधी झोनिंग ऑफिसरला, म्हणजे हे नियम लागू करणाऱ्या टाउनशिपच्या अधिकाऱ्याला, भेटा. नियमांत नुसतं ‘वेअरहाउस’ लिहिलं असेल, तर सेल्फ-स्टोरेज त्यात बसतं का, हे लेखी घ्या. तोंडी होकारावर पैसे गुंतवू नका. त्यांचा निर्णय पटला नाही, तर २० दिवसांत झोनिंग बोर्डाकडे अपील करता येतं. कच्चा आराखडा प्लॅनिंग बोर्डाला अनौपचारिकपणे दाखवायचीही सोय आहे. तिथलं मत कोणालाच बंधनकारक नसतं, पण वारा कुठून वाहतोय ते कळतं.

पहिलाच प्रकल्प असेल तर मी कंडिशनल यूजची, सगळ्या अटी पाळता येतील अशी जागा घेईन. व्हेरिएन्सच्या जागेला हात लावायचा, तर मंजुरी मिळून अपिलाची ४५ दिवसांची मुदत उलटेपर्यंत खरेदीखत करायचं नाही, हे करारात लिहून घेईन. तोवर इंजिनिअर, प्लॅनर आणि टाउनशिपच्या तज्ज्ञांची एस्क्रोतून (तुम्ही टाउनशिपकडे ठेवलेल्या रकमेतून) जाणारी फी हा खर्च तुमचाच, म्हणून स्वस्त जमिनीतल्या बचतीतून तो आधी वजा करून बघा.

आणि एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावाने अर्ज करणार असाल, तर बोर्डासमोर वकील लागतोच. दहा टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्यांची नावंही जाहीर करावी लागतात. पैसे घालणाऱ्या नातेवाइकांना हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा.