जुनी नियंत्रण प्रणाली: एकदम बदलावी की टप्प्याटप्प्याने?

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात देखभाल सांभाळणाऱ्या स्नेह्यांनी विचारले, की जुनाट झालेली पीएलसी-स्काडा व्यवस्था (यंत्रे चालवणारे नियंत्रक आणि त्यांवर संगणकावरून देखरेख ठेवणारी प्रणाली) प्लांट बंद ठेवून एकाच शटडाउनमध्ये बदलावी, की भागाभागाने?

एकदम बदलात सगळी रक्कम एकाच वेळी उभी करावी लागते, पण वायरिंग, प्रोग्रॅमिंग आणि चाचणी एकदाच होते; टप्प्यांत खर्चाचा भार विभागला जातो, मात्र जुन्या-नव्याला जोडणारे गेटवे आणि दुहेरी सुटे भाग यांमुळे एकूण बेरीज बहुधा वाढते.

खरी कसोटी जोखमीची आहे. जुने पॅनेल उघडले की आराखड्यात नसलेल्या वायरी आणि कधीकाळी कोणीतरी घातलेला बायपास (सुरक्षा-जोडणी वगळणारी आडवाट) सापडणे नवे नाही. रिॲक्टरचे तापमान वाढताच कूलिंग वॉटरचा व्हॉल्व्ह उघडणारा इंटरलॉक (आपोआप चालणारी सुरक्षा-जोडणी) त्यामुळे निकामी झाला असेल, तर ते प्लांट सुरू करण्याआधीच कळायला हवे. टप्प्यांत एकेक लूप (मापक, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) तपासता येतो आणि बिनसल्यास मागे फिरता येते. एकदम बदलात ही सवड फारच थोडी मिळते. तापमान, दाब मोजून ४ ते २० मिलिॲम्पिअरचा संकेत पाठवणारे ट्रान्समीटर सहसा दोन्ही मार्गांत जुनेच चालतात.

स्काडाचा संगणक विंडोज एक्सपीवर असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २०१४ मध्येच थांबवला असल्याने तो पहिल्या टप्प्यातच बदलावा.

सुटे भाग मिळेनासे झाले असतील, आराखडे अद्ययावत असतील आणि लांब शटडाउन घेता येत असेल, तर एकदम बदल करावा. उत्पादन थांबवणे परवडत नसेल किंवा कागदपत्रे अपुरी असतील, तर टप्पेच बरे. आपत्कालीन शटडाउन यंत्रणा दोन्ही मार्गांत या नियंत्रण प्रणालीपासून स्वतंत्रच ठेवावी.