जेफरसन लॅबचा ताणित सुपरलॅटिस फोटोकॅथोड : एक परीक्षण

अमेरिकेत व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे असलेल्या जेफरसन लॅबच्या कण-त्वरकात इलेक्ट्रॉनांचा प्रवास जिथून सुरू होतो, त्या अर्धवाहक चकतीचे, म्हणजे प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या फोटोकॅथोडचे, हे परीक्षण आहे.

साध्या, जाड गॅलियम आर्सेनाइडवर वर्तुळ-ध्रुवित (ज्याचे विद्युतक्षेत्र गोल फिरत पुढे जाते असा) लेसर टाकला, तर एका दिशेच्या स्पिनचे (इलेक्ट्रॉनाच्या अंगभूत फिरकीचे) तीन आणि उलट स्पिनचा एक या प्रमाणात इलेक्ट्रॉन वाहक पट्ट्यात, म्हणजे जिथे ते मोकळे फिरू शकतात त्या ऊर्जापातळ्यांत, जातात; त्यामुळे ध्रुवण, म्हणजे दोन्ही दिशांच्या स्पिनसंख्यांतला फरक भागिले एकूण संख्या, तत्त्वतःच 50 टक्क्यांवर अडते. स्टॅनफर्डच्या 1978 मधील समताभंगाच्या (निसर्ग डावे-उजवे यांत भेद करतो का, हे पाहणाऱ्या) प्रयोगाला सुमारे 37 टक्क्यांवर भागवावे लागले. सुपरलॅटिसमध्ये गॅलियम आर्सेनाइड आणि त्याचेच फॉस्फरसमिश्रित रूप यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटूनपालटून चढवलेले असतात. फॉस्फरसमिश्रित थरात अणूंमधले अंतर कमी असल्याने शेजारचा थर आडव्या दिशेने दाबला जातो, एरवी समान ऊर्जेच्या असणाऱ्या दोन अवस्था विलग होतात आणि 780 नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर त्यांतील एकाच अवस्थेतून इलेक्ट्रॉन उचलतो. ध्रुवण 85 ते 90 टक्क्यांवर जाते. अशा मोजमापात ठरावीक अचूकतेसाठी लागणारा वेळ ध्रुवणाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे 37 ऐवजी 88 टक्के मिळाले, तर तेवढ्याच विद्युतप्रवाहात लागणारा वेळ साडेपाच पटींहून अधिक घटतो. या चकतीचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तिची खरी कसोटी प्रोटॉनचा दुर्बल प्रभार मोजणाऱ्या क्यू-वीक प्रयोगात लागली. तिथे 180 मायक्रोॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह वापरला गेला, स्पिनची दिशा सेकंदाला 960 वेळा बदलली गेली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात अब्जात सुमारे 226 भाग इतकी सूक्ष्म विषमता, म्हणजे दोन स्पिनदिशांच्या इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्यातला फरक, मोजलेली होती. स्पिन उलटताना प्रवाहही किंचित बदलला, तर असे मोजमाप फसते. ताणलेल्या स्फटिकात हा धोका असतोच, कारण प्रकाशात उरलेले रेषीय ध्रुवण (एकाच दिशेत कंप पावणारा अंश) त्याच्या वेगवेगळ्या अक्षांवर सारखे शोषले जात नाही. तरीही जुन्या एकथरी ताणित कॅथोडपेक्षा सुपरलॅटिस इथे निश्चितच सरस आहे.

उणीव आहे ती नाजूकपणाची. पृष्ठभागावर सीझियमचा अतिविरळ लेप द्यावा लागतो आणि तो टिकवण्यासाठी 10⁻¹² टॉरच्या (टॉर हे दाबाचे एकक) आसपासचे निर्वात लागते. तेवढ्यातही उरलेल्या वायूचे आयन उलटे येऊन कॅथोडवर आदळतात, म्हणून लेसरचा ठिपका मध्यापासून बाजूला ठेवतात, अधूनमधून नव्या जागी सरकवतात आणि शेवटी चकती तापवून लेप पुन्हा चढवतात. ताज्या चकतीतूनही शंभर फोटॉनांमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन निघतो.

थरांखाली परावर्तक रचना बसवलेल्या आवृत्तीने 2016 मध्ये हे प्रमाण 6.4 टक्क्यांवर नेले, मात्र ध्रुवण 84 टक्के राहिले. मोठा प्रवाह हवा असेल तिथे मी हीच आवृत्ती निवडेन. समताभंगाच्या मोजमापांसाठी मात्र माझी पसंती अजूनही मूळ सुपरलॅटिसलाच आहे.