नुमा सर्व्हरवर पेजेस कर्नलला हलवू द्यायची की आपण हलवायची?

परवा नांदेडच्या एका मित्राचा फोन आला, दोन सॉकेटचा सर्व्हर घेतलाय म्हणाला, त्यावर केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या) चार-पाच व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, टाकायच्यात, तर ऑटोमॅटिक नुमा बॅलन्सिंग, म्हणजे कर्नलनं आपणहून मेमरीची पेजेस (छोटे तुकडे) एका नोडवरून दुसऱ्यावर हलवणं, चालू ठेवू का बंद करून मेमरी आपल्या हातानं बांधून टाकू? तासभर बोललो तरी अर्धंच सांगून झालं, म्हणून बाकीचं इथं लिहून काढतो. थोडक्यात, नुमा म्हणजे प्रत्येक सॉकेटच्या सीपीयूंना त्यांची जवळची मेमरी वेगळी असते; ते सीपीयू आणि ती मेमरी मिळून एक नोड, आपल्या नोडवरची मेमरी लोकल, पलीकडच्या नोडवरची रिमोट.

आधी माझं लोड कसलं आहे ते सांगतो, कारण सगळा निर्णय त्याच्यावरच फिरतो. लातूरला मोंढ्यातल्या आडत दुकानांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. प्रत्येक नोडला १२८ जीबी, त्यात डेटाबेसची एक मोठी ९६ जीबीची व्हीएम आणि बाकी रिपोर्ट, फाइल, टेस्टिंग अशा बारक्या. सकाळी सर्व्हर जवळजवळ झोपलेला असतो. सौदा निघाला की मग एकदम सगळ्या दुकानांतून वजनं, हमाली, तोलाई, पट्ट्या सुरू, आणि सोयाबीनच्या हंगामात, म्हणजे दसऱ्यापासून पुढं दीड-दोन महिने, ही गर्दी इतकी असते की काउंटरवर शेतकरी पट्टीसाठी उभा आहे आणि मागं ट्रॅक्टरची रांग लागलीय. असं दिवसातून काही तासच, पण ते काही तास म्हणजेच आमचा सगळा धंदा.

पहिला हंगाम मी बॅलन्सिंग चालू ठेवूनच काढला आणि खरं सांगतो, ती व्यवस्था वाईट नाही. उलट ती बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१२ साली लिनक्सवाल्यांत यावरून बराच खल झाला, आंद्रेआ आर्कांजेलींचा ऑटोनुमा एकीकडं, पीटर झाइल्स्ट्रांची शेड्युलरच्या (कुठला थ्रेड कुठल्या सीपीयूवर चालेल ते ठरवणाऱ्या भागाच्या) बाजूनं केलेली मांडणी दुसरीकडं, शेवटी मेल गोरमननी दोन्हींना चालेल असा पाया घातला आणि तो २०१३ च्या सुरुवातीला ३.८ कर्नलमध्ये आला. खरं बाळसं धरलं ते पुढं ३.१३ मध्ये. त्याआधी १९९६ च्या एसजीआय ओरिजिन २००० मशीनवर कुठल्या नोडनं कुठलं पेज किती वेळा वापरलं याचे काउंटर हार्डवेअरमध्येच होते. आपल्या साध्या झिऑन प्रोसेसरमध्ये तसं काही नाही, म्हणून लिनक्सला ही माहिती दुसऱ्या वाटेनं काढावी लागते. तो प्रोसेसच्या थोड्या थोड्या पेजेसवर मुद्दाम 'हात लावायचा नाही' अशी खूण करतो, प्रोसेसनं हात लावला की फॉल्ट होतो, म्हणजे काम अडून कर्नलकडं येतं, फॉल्ट झाला की कळतं कोणत्या नोडवरच्या सीपीयूला हे पेज लागतंय, आणि लागोपाठ दोनदा एकाच परक्या नोडकडून मागणी आली तर पेज तिकडं हलवायचं. एकदाच मागितलं तर हलवत नाही, हा दोनदाचा नियम मला फार आवडतो, विचार करून ठेवलेला आहे.

ज्याच्या व्हीएम सतत येतात-जातात, आज दहा आहेत उद्या पंधरा, कुणाला केव्हा लोड येईल ठाऊक नाही, त्यानं डोळे झाकून हे चालू ठेवावं. हातानं इतक्या जणांची जागा लावणं माणसाच्याच्यानं होत नाही.

आता माझी अडचण. ती वेगाची नव्हतीच. सरासरी बघितली तर बॅलन्सिंग चालू असताना सगळं व्यवस्थित दिसायचं. पण हंगामात भर दुपारी मुनीमकाकांचा फोन यायचा, "साहेब, पट्टी निघंना झालीय बघा, शेतकरी ताटकळलेत." मी लॉगिन करून बघेपर्यंत सगळं सुरळीत. सीपीयू ठीक, डिस्क ठीक, डेटाबेसच्या लॉगमध्ये कुठलं लॉक नाही, काही नाही. दोन-तीन सेकंद अडायचं आणि सुटायचं, परत अर्ध्या तासानं अडायचं, कधी दिवसभर काहीच नाही. महिनाभर मी डेटाबेसच्याच मागं लागलो होतो, इंडेक्स बदलले, व्हॅक्यूमच्या वेळा बदलल्या, नेटवर्कच्या केबलसुद्धा बदलल्या. शेवटी एका दुपारी होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ मशीनवर, प्रोकमधलं व्हीएमस्टॅट (कर्नलचे मेमरीचे आकडे) दर सेकंदाला छापत ठेवलं आणि बसून राहिलो. फोन आला तेव्हा स्क्रीनवर नुमाची मायग्रेट झालेली पेजेस मोजणारा आकडा उड्या मारत वर चाललेला. आधीचा तासभर तो जवळपास हललाच नव्हता.

मग वाचत गेलो तेव्हा कळलं की असं होणं साहजिकच आहे. पेजेसवर ती खूण करत फिरणारा स्कॅनर चालतो तो प्रोसेसनं किती सीपीयू वापरला त्या हिशोबानं. व्हीएम निवांत असेल तर स्कॅन जवळपास नाहीच. म्हणजे सकाळी हलवाहलव करायला सगळा वेळ मोकळा असतो तेव्हा कर्नल काही हलवत नाही, आणि सौदा निघून सगळे व्हीसीपीयू (व्हीएमचे सीपीयू) जागे झाले, शेड्युलरनं त्यातले काही पलीकडच्या नोडवर पसरवले, की मग स्कॅनरला जाग येते. एका वेळी २५६ एमबी, सगळं लोकल दिसलं तर दोन स्कॅनमधलं अंतर वाढत ६० सेकंदांपर्यंत जातं, रिमोट दिसायला लागलं की ते १ सेकंदापर्यंत खाली येतं, हे डिफॉल्ट आकडे. त्यात हे स्कॅनचं काम वेगळा कुणी नोकर करत नाही, ते त्याच थ्रेडच्या वेळातून होतं. मोंढ्यातलंच उदाहरण देतो, काउंटरवर पट्टी लिहिणाऱ्या मुनीमालाच गर्दीच्या वेळी उठवून समोरच्या गोदामातली पोती इकडं आणायला लावायची, असं ते होतं. पोती जवळ आली तर फायदाच आहे, पण ती सकाळी आणायची होती ना.

व्हीएमच्या बाबतीत हे जास्त टोचतं. खूण केली की गेस्टचं (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमचं) त्या पेजचं दुसऱ्या पातळीवरचं मॅपिंगही काढावं लागतं, गेस्टनं तिथं हात लावला की बाहेर होस्टमध्ये यावं लागतं. पेज हलवायचं म्हणजे पलीकडं नवीन जागा घ्यायची, जुनं मॅपिंग सोडवायचं, बाकीच्या सीपीयूंना टीएलबी (पेजेसच्या पत्त्यांची सीपीयूतली नोंद) पुसायला सांगायचं, मजकूर उतरवायचा, परत जोडायचं, आणि तोवर ज्याला ते पेज हवंय तो थांबून राहणार. पेज मोठं असेल तर ४ केबी नाही, एकदम २ एमबी. आमच्या दोन-तीन सेकंदांचं कारण शंभर टक्के हेच होतं असं मी शपथेवर सांगत नाही, तेवढी शिस्तीत मोजमापं मी घेतलेली नाहीत. पण त्या रात्री बॅलन्सिंगचा स्विच शून्यावर नेला आणि दुसऱ्या दिवसापासून ते फोन बंद झाले. पुढच्या दोन हंगामांतही आले नाहीत.

तर आता माझ्याकडं अशी मांडणी आहे. डेटाबेसची व्हीएम नोड १ वर, सीपीयूही तिथलेच आणि मेमरी बाइंड पॉलिसीनं तिथंच बांधलेली. नोड १ काहून, तर एनव्हीएमई डिस्क त्या सॉकेटला लागलेली आहे म्हणून. ही गोष्ट बॅलन्सिंगला कळत नाही, त्याला फक्त सीपीयू कुठल्या पेजला हात लावतोय तेवढंच दिसतं, डिस्क किंवा नेटवर्क कार्ड कुठं आहे ते आपण सिसमध्ये (कर्नल हार्डवेअरची माहिती देतो त्या फोल्डरात) डिव्हाइसच्या नुमा नोडच्या फाइलीत बघायचं आणि ठरवायचं. बारक्या व्हीएम सगळ्या नोड ० च्या सीपीयूंवर, पण त्यांची मेमरी कडक बांधलेली नाही, प्रिफर्ड ठेवलीय, जागा कमी पडली तर पलीकडं सांडू दे.

यात त्रास नाही असं नाही, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. पहिल्यांदा मी ० ते १५ हे एका सॉकेटचे कोअर समजून बांधले आणि आमच्या मशीनवर सम आकडे एका नोडचे, विषम दुसऱ्याचे निघाले, म्हणजे व्हीएम अर्धी इकडं अर्धी तिकडं. तेव्हापासून कोअरचे आकडे आधी नुमा-सीटीएल या कमांडच्या हार्डवेअर यादीत तपासल्याशिवाय कुठंच लिहीत नाही. दुसरी चूक जास्त महागात पडली. डेटाबेसला जास्त मेमरी मिळावी म्हणून व्हीएम ११८ जीबीची केली आणि त्याच १२८ जीबीच्या नोडवर कडक बांधली. रात्री बॅकअप सुरू झाला, होस्टची पेज कॅश त्याच नोडवर भरली, क्यूईएमयूचं (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) स्वतःचं थोडंफार लागतंच, आणि नोड ० वर ढीगभर मेमरी मोकळी असताना हा नोड स्वॅपला लागला. २०१० च्या आसपास मायएसक्यूएलवाल्यांना याच प्रकारानं छळलं होतं, मोकळी मेमरी दिसतेय आणि तरी स्वॅप, म्हणून त्यांनी पुढं इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या स्टोरेज इंजिनात) बफर पूल, म्हणजे डेटाची कॅश, सगळ्या नोडवर सारखा पसरवायची सोयच दिली. कडक बांधायचं तर नोडवर पंधरा-वीस टक्के तरी जागा मोकळी सोडा, ९६ वर आल्यापासून मला त्रास नाही.

सगळीकडं सारखं पसरवायचं म्हणजे इंटरलीव्ह, हाही एक पर्याय आहे. तुमचा डेटाबेस एका नोडमध्ये मावतच नसेल तर तोच घ्या, निम्मं लोकल निम्मं रिमोट, पण रोज सारखंच. नुमाडी नावाचा डेमन (मागं चालत राहणारा प्रोग्रॅम) पण मिळतो, तो मी फार वापरलेला नाही.

मित्रानं एक चांगला प्रश्न विचारला होता, की बॅलन्सिंग सगळ्या मशीनला मिळून एकच स्विच आहे, मग मोठी व्हीएम बांधायची आणि बारक्यांसाठी ते चालू ठेवायचं असं जमतं का? जमतं. बाइंड पॉलिसीनं बांधलेल्या मेमरीला स्कॅनर हात लावत नाही. ह्यूजटीएलबीची राखून ठेवलेली मोठी पेजेस असतील तर त्यांनाही लावत नाही. त्यामुळं तुमच्या बारक्या व्हीएमचं लोड बेभरवशाचं असेल तर ही मधली वाट मला पटते, मी स्वतः तेवढी गरज नाही म्हणून पूर्ण बंद ठेवलंय. व्हीएमला एखादं कार्ड थेट पासथ्रूनं दिलं असेल तर मात्र तिची सगळी मेमरी पिन होते (जागच्या जागी खिळते) आणि मग ना कर्नल हलवू शकतो ना तुम्ही, तिथं सुरू करतानाच जागा बरोबर पाहिजे.

नोडांमधल्या अंतराच्या तक्त्याला फार घाबरू नका एवढंच सांगतो. नुमा-सीटीएल आपल्या नोडला १० आणि पलीकडच्याला २१ दाखवतं, ते बघून दुप्पट हळू होईल असं वाटतं, पण ते आकडे फर्मवेअरनं दिलेले आहेत, प्रत्यक्षात मोजलेले नाहीत. रिमोट मेमरीवर चाललेली पट्टी मला कधी हळू जाणवली नाही. जाणवलं ते मधेच अडणं. रोज थोडं हळू चालणारं मशीन माझ्या लोकांना चालतं, त्यांना त्याची सवय होते, पण केव्हा अडेल याचा नेम नसलेल्या मशीनवर शेतकऱ्याला उभं करायला मुनीमकाका तयार नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तुमच्याकडं असं गर्दीचं ठरलेलं टोक नसेल, दिवसभर सारखं लोड असेल, तर कदाचित तुम्हाला हा फरक दिसणारच नाही, मग कर्नलला करू द्या.

हातानं हलवायचं काम मी रविवारी करतो, मोंढा बंद असतो तेव्हा. नुमास्टॅटला एकेका क्यूईएमयूचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन बघायचं, बारक्यांपैकी कुणाची किती मेमरी नोड १ वर सांडलीय, आणि मायग्रेटपेजेस कमांडनं ती नोड १ वरून ० वर ओढायची. पीआयडी, कुठून, कुठं, एवढंच द्यावं लागतं. व्हीएम चालूच असते, फक्त थोडी जड होते. सगळीच पेजेस येतात असं नाही, काही हलत नाहीत. चारशे-पाचशे एमबी राहिलं तर मी सोडून देतो. दोन-तीन जीबी अडकून राहिलं तर ती व्हीएम बंद करून परत चालू करतो, नोड ० वर जागा मोकळी असली की पहिल्यांदा हात लागतानाच पेजेस तिथं पडतात आणि हलवायला काही उरत नाही.