प्रदर्शनाचे कागद: पेटीत की हार्ड डिस्कवर?

सातारा जिल्ह्यात औंधचं श्रीभवानी संग्रहालय १९३८ पासून आहे, चित्रांना तिथे हक्काची जागा मिळाली. छोट्या प्रदर्शनांची निमंत्रणं, दरपत्रकं, अभिप्रायवह्या मात्र कुणाच्या तरी माळ्यावर!

स्कॅनिंग सोपं. टिफ फाइल (तपशील न गाळता चित्र साठवणारी) करायची, प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवायच्या. फाइलला चित्रकाराचं नाव, तारीख दिली नाही तर शोधत बसा.

मूळ कागद जपणं कष्टाचं. गंजलेली टाचणी अलगद काढायची, सेलोटेप अजिबात नाही, आम्लमुक्त पाकिटं (आतला कागद पिवळा, ठिसूळ न करणारी) आणायची, पावसाळ्यात बुरशी आणि कसरीवर डोळा ठेवायचा. पण चित्राच्या यादीवर पेन्सिलीने खोडून बदललेली किंमत, कागदावर उठलेला दाब, हे स्कॅनमध्ये पुसट होतं.

पैसे बेताचे असतील तर मी आधी पेट्याच घेईन. अभिप्रायवह्या तेवढ्या लगेच स्कॅन कराव्यात. जो तो चाळतो आणि पानं सुटतात.